लाल पानांचा मोह आणि आपले अंगण



आपल्या इंदूरच्या मराठी समाजातील कितीतरी घरांची मुले-मुली आज अमेरिकेत, कॅनडात, इंग्लंडात स्थायिक आहेत. त्यांच्याकडे चार-सहा महिने राहून परतणारे आजी-आजोबा पुष्कळ फोटो आणतात. त्यांत एक फोटो हमखास असतो. घराच्या दर्शनी भागात छत्रीसारखे पसरलेले एक बुटके झाड आणि त्यावर तळहाताच्या आकाराची लालभडक पाने. तो जपानी मेपल. फोटो पाहिला की घरात एकच विषय निघतो, "असे एक झाड आपल्या अंगणात हवे." त्यातच मोबाइलवर या झाडाच्या बियांची पाकिटे शे-दोनशे रुपयांत दिसू लागतात. शाळेच्या दर्शनी बागेसाठी शोभेची झाडे निवडण्याचा विषय निघाला तेव्हाही काही पालकांनी हेच नाव आग्रहाने सुचवले. शाळेच्या बागेची व्यवस्था पाहणाऱ्या आम्हां पालकांना म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. इंदुरात जपानी मेपल लावू नये, घरी नाही आणि शाळेतही नाही. मात्र या झाडापासून आणि ज्यांनी ते हजार वर्षे जपले त्या लोकांपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते आपण अवश्य शिकावे. आमच्या या दोन्ही म्हणण्यांमागची कारणे आता क्रमाने मांडतो.

झाडाची ओळख

हे झाड मूळचे जपान आणि कोरियाकडील डोंगराळ जंगलांतले. मोठ्या झाडांच्या सावलीत, पालापाचोळ्याच्या मऊ, ओलसर जमिनीत ते वाढते. स्वीडनचा वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल पीटर थुनबर्ग १७७५-७६ मध्ये जपानात होता. त्यानेच या झाडाला 'पाल्माटम' म्हणजे पंजासारखे, असे शास्त्रीय नाव दिले. जपानी लोकांनी मात्र त्याला पंजाऐवजी बेडकाचा पाय म्हटले होते. 'काएदे' हे तेथील नाव 'बेडकाचा हात' अशा अर्थाच्या शब्दावरून आले आहे. मुलांनी पानाचा आकार आठवून पाहावा, म्हणजे हे नाव किती नेमके आहे ते कळेल. 'मोमिजी' हे त्याचे दुसरे, अधिक लाडके नाव. पाने रंग बदलतात त्यावरून ते पडले.

येथे विद्यार्थ्यांसाठी दोन गोष्टी स्पष्ट केलेल्या बऱ्या. कॅनडाच्या ध्वजावरचे पान मेपलचेच आहे, पण ते या जपानी झाडाचे नव्हे. तो ध्वज १९६५ साली स्वीकारला गेला. आणि काश्मीरच्या सहलीत आपण जी लाल-केशरी झाडे पाहतो तो चिनार. त्याचे पान मेपलसारखे दिसते, परंतु कूळ वेगळे. मेपलच्या कुळातील झाडे भारतात आहेत, पण ती हिमालयात, थंडीच्या प्रदेशात.

जपानात सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत माळ्यांनी या एका झाडाचे शेकडो प्रकार निवडून, कलमे करून वाढवले. आज हजाराहून अधिक नावे धारण केलेले प्रकार आहेत. कोणाचे पान दोऱ्यासारखे चिरलेले, कोणाची फांदी हिवाळ्यात पोवळ्यासारखी लाल, तर कोणाची पाने वसंतापासूनच जांभळट. एवढी विविधता एका जातीत निर्माण होते ती पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी लक्ष देऊन पाहत राहिले म्हणून.

लाल रंग येतो कसा

हा भाग नीट समजला तर आमचे पुढचे म्हणणे आपोआप पटेल. पानातील हिरवेपणा हरितद्रव्याचा. जपानात शरद ऋतू आला की दिवस आखडतात, रात्री थंड होतात. झाड पानातले हरितद्रव्य मोडून त्यातील उपयोगी भाग खोडाकडे परत नेऊ लागते. पानाच्या देठाशी बुचासारखा एक थर तयार होतो आणि पानात बनलेली साखर पानातच अडकते. उन्हाच्या मदतीने त्या साखरेपासून एक नवे लाल द्रव्य तयार होते, त्याला अँथोसायनिन म्हणतात. जांभूळ आणि कोकम यांचा रंग याच कुळातला. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री बोचरी, पण गोठवणारी नव्हे अशी थंडी असेल तरच रंग खुलतो. रात्रीचे तापमान ८ अंशांच्या खाली उतरू लागले की तेथील लोक लाल पानांची वाट पाहू लागतात.

नंतर पाने गळतात आणि झाड झोपी जाते. ही झोप त्याच्या जगण्याची अट आहे. काही आठवडे सलग थंडी सोसल्याशिवाय त्याच्या कळ्या वसंतात नीट फुटत नाहीत. एक-दोन वर्षे कशीबशी पालवी येते, मग फांद्या वाळत जातात.

जेथे ते शोभते तेथे कसे लावावे

ज्यांची मुले सिएटल, पोर्टलंड, न्यू जर्सी किंवा लंडन परिसरात आहेत त्यांनी हा भाग फोनवर वाचून दाखवावा, कारण तेथे हे झाड लावण्यात आनंदच आहे. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारनंतर सावली अशी जागा निवडावी. पाणी साचणारी जमीन टाळावी. माती किंचित आम्ल असावी. तिचा सामू ५.५ ते ६.५ च्या दरम्यान असला की उत्तम. रोप खोल पुरू नये, खोड जेथे मुळांकडे रुंदावते तो भाग जमिनीच्या वरच राहिला पाहिजे. मुळे वरच्या थरात पसरतात म्हणून बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे किंवा सालीच्या तुकड्यांचे आच्छादन घालावे, परंतु ते खोडाला चिकटवू नये. विकत मिळणारी बहुतेक रोपे कलमी असतात. कलमाच्या जोडाखालून फुटणारे कोंब वेळीच काढावेत, नाहीतर जंगली खुंट वरचढ होतो आणि पाच वर्षांनी 'लाल झाड हिरवे कसे झाले' असा प्रश्न पडतो. छाटणी हलक्या हाताने करावी. या झाडाची वाढ सावकाश होते; त्याला घाई मानवत नाही.

इंदुरात का नको

आता आपल्याकडे वळू. कोणी म्हणेल, जपानातही उन्हाळा असतोच. खरे आहे. क्योतो शहरात ऑगस्टमध्ये दुपारचे तापमान सरासरी ३३ अंशांच्या पुढे जाते. पण ती उष्णता दमट असते, पाऊस वर्षभर थोडाथोडा पडत असतो, आणि जानेवारीत तेथील रात्रीचे सरासरी तापमान १-२ अंशांवर येते. आपल्या माळव्याच्या पठारावर मे महिन्यात पारा ४० च्या घरात असतो आणि सोबतीला कोरडी लू. मेपलचे पातळ पान अशा वाऱ्यात कडेपासून करपते. हिवाळ्यात आपल्याकडे रात्री १० अंशांच्या आसपास, कधी त्याहून खाली उतरतात हे खरे, परंतु दुपारी पुन्हा २५-२६ अंश होतात. झाडाला धड झोपही लागत नाही आणि धड जागही येत नाही.

माती आणि पाणी हेही तसेच. माळव्याची काळी माती कापसाला, सोयाबीनला, गव्हाला वरदान आहे. पण ती पावसाळ्यात चिकट होऊन पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिचा कल आम्लाकडे नसून अल्कलीकडे आहे. वरच्या थरात नाजूक मुळे पसरणाऱ्या झाडाला यापेक्षा गैरसोयीची जमीन शोधून सापडणार नाही. बोअरिंगचे जड पाणी दिले तर पानांच्या कडा अधिकच जळतात. राहिले नळाचे पाणी. आपल्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरून, जलूदहून, घाट चढवून उपसून आणलेले असते. मे महिन्यात एक दिवसाआड येणारे ते पाणी परदेशी शोभेच्या झाडाला दोन वेळा शिंपडत राहणे आम्हांला पटत नाही. ज्या कुटुंबांना टँकरची वाट पाहावी लागते, त्यांची मुले आपल्याच शाळेत, त्याच बागेसमोरून वर्गात जातात.

बियांच्या पाकिटांविषयी

मोबाइलवरच्या जाहिरातींत निळ्या पानांचा मेपल दिसतो. निळ्या पानांचा मेपल जगात कोठेही नाही. तो केवळ चित्रात रंगवलेला असतो. दुसरे असे की ज्याच्या रूपासाठी आपण भुलतो ते नामांकित प्रकार बियांपासून जसेच्या तसे येत नाहीत, ते कलमानेच वाढवावे लागतात. हापूसची कोय लावून हापूसच मिळेल याची खात्री नसते, हे आपल्या घरातल्या कोणत्याही आजोबांना ठाऊक आहे. तोच नियम येथे लागू आहे. तिसरे, हे बी सुकले की त्याची उगवण्याची शक्ती घटते, आणि ते फुटण्यासाठी ओलसर थंडीत तीन-चार महिने ठेवावे लागते.

"मग आम्ही फ्रिजमध्ये ठेवू," असे हौशी मंडळी म्हणतात. ठेवा. कदाचित कोंब येईलही. शास्त्राचा प्रयोग म्हणून आठवी-नववीच्या मुलांनी तो करायलाही हरकत नाही. पण कोंब आला म्हणजे झाड झाले असे नव्हे. फेब्रुवारीत उगवलेले रोप एप्रिलच्या वाऱ्यापुढे टिकवायचे कसे, याचे उत्तर फ्रिजपाशी नाही. "बोन्साय करून घरात ठेवू" हाही उपाय नव्हे. बोन्साय म्हणजे लहान केलेले खरेखुरे झाड. त्याला उघडी हवा लागते आणि हिवाळ्याची थंडीही तितकीच लागते.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

काही पालक म्हणतील, की असेच जर मानले असते तर आपल्याकडे गुलमोहर आला नसता, बटाटा आला नसता, टोमॅटो आला नसता. हा आक्षेप योग्य आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. गुलमोहर मादागास्करचा, तरीही तो आपल्या रस्त्यांवर आपलाच होऊन बसला आहे. बाहेरून आले म्हणून झाड परके ठरत नाही. आपणही दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी होळकरांच्या काळात दख्खनेतून येथे आलो आणि इंदूरकर झालो. परक्या झाडाला नाके मुरडण्याचा अधिकार निदान आपल्याला नाही. आमची कसोटी वेगळी आहे. येथल्या उन्हात, येथल्या मातीत, येथल्या पाण्यावर ते स्वतःच्या पायांवर उभे राहू शकते का? गुलमोहर राहतो, कारण तोही उन्हाळ्याच्या देशातला आहे. मेपल राहू शकत नाही. जे झाड येथे केवळ मरण्यासाठी आणले जाते, त्याच्यावर आपण प्रेम करतो असे म्हणणे बरोबर होणार नाही.

जपानी माणसांकडून काय घ्यावे

जपानात शरद ऋतूत लोक लाल पाने पाहायला बाहेर पडतात. त्या सहलीला 'मोमिजीगारी' म्हणतात. त्यातील 'गारी'चा अर्थ शिकार. पण या शिकारीत कोणी काही मारत नाही आणि तोडून घरीही आणत नाही. जायचे, पाहायचे आणि परत यायचे. क्योतोतील तोफुकुजी हे १२३६ साली स्थापन झालेले मंदिर मेपलसाठी प्रसिद्ध आहे. तेथे एक कथा सांगतात, की मिंचो नावाच्या चित्रकार भिक्षूने शोगुनला विनंती करून आवारातील चेरीची झाडे काढायला लावली. चेरीच्या बहरामुळे मंदिराचे सहलीचे ठिकाण होईल, ही त्याची भीती. राहिले ते मेपल. आज त्याच मेपलांसाठी तेथे अलोट गर्दी होते, हा भाग निराळा! पण सहाशे वर्षांपूर्वीही कोणते झाड कोठे असावे आणि का असावे याचा कोणीतरी विचार करत होते, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. जपानची हवामान संस्था १९५३ पासून ठरलेल्या झाडांवर नजर ठेवून, मेपलची पाने कोणत्या तारखेला लाल झाली याची दरवर्षी नोंद करते. २०२१ पासून तिने अशा बहुतेक नोंदी बंद केल्या, पण ज्या सहा वनस्पतींच्या नोंदी चालू ठेवल्या त्यांत मेपल आहे. या नोंदींवरून दिसते, की आज तेथे पाने पूर्वीपेक्षा सरासरीने दोन आठवड्यांहून अधिक उशिरा लाल होतात. हवामान बदलत आहे हे वर्तमानपत्रांतून आपण रोज वाचतो. तेथे ते एका झाडाच्या पानांनी, तारखेनिशी सांगितले. आणि ते कळले कशामुळे, तर कोणीतरी न कंटाळता दरवर्षी जाऊन पाहिले आणि लिहून ठेवले म्हणून.

आपल्याही दारात लाल पाने आहेत

शाळेच्या फाटकाजवळचा देशी बदाम दरवर्षी पाने गळण्याआधी तांबडा-लाल होतो. आपल्यापैकी किती जणांनी तो थांबून पाहिला आहे? उलट पाने फार पडतात, झाडायला बाई पुरत नाहीत, म्हणून तो तोडावा अशी सूचना मागे आली होती. एकीकडे लाल पानांसाठी परदेशी झाड मागवायचे आणि दुसरीकडे लाल पानांचे झाड कचरा होतो म्हणून तोडायचे, यातली विसंगती सर्वांनी शांतपणे पाहावी अशी आमची विनंती आहे.

आपल्याकडचा लाल रंग बहुधा शरदात नसतो, तो वसंतात असतो. फाल्गुन-चैत्रात कुसुमाचे झाड, ज्याला महाराष्ट्रात कोशिंब म्हणतात, नव्या पालवीने असे लाल होते की दुरून ते फुलले आहे असे वाटावे. याच कुसुमावर उत्तम प्रतीची लाख तयार होते. पिंपळाची कोवळी पाने तांबूस-गुलाबी असतात, आंब्याची पालवी तांब्यासारखी, मोहाचीही तशीच. कोवळ्या पालवीत हा रंग आणणारे द्रव्य जपानी मेपलच्या पानातले तेच आहे, अँथोसायनिन. तेथे ते निरोप घेणाऱ्या पानात येते, आपल्याकडे नुकत्याच जन्मलेल्या पानात. कोवळ्या पानाला कडक उन्हापासून ते जपते, असे शास्त्रज्ञ सांगतात. लू सुरू होण्याच्या तोंडावर पालवी फोडणाऱ्या झाडाला या संरक्षणाची किती गरज असेल!

आमच्या तीन सूचना

विश्वस्त मंडळापुढे आम्ही नम्रपणे तीन सूचना ठेवतो.

पहिली, दर्शनी बागेसाठी जी रक्कम वेगळी काढली आहे तीतून परदेशी शोभेची रोपे न घेता कुसुमाची दोन, आणि मोह व आंबा यांचे एकेक रोप लावावे. कुसुम सावकाश वाढतो. आजच्या पाचवीच्या मुलांना त्याची खरी शोभा दिसेल ती कदाचित माजी विद्यार्थी म्हणून शाळेत येतील तेव्हा. शाळेने झाडे लावायची ती अशाच हिशेबाने.

दुसरी, फाटकाजवळचा बदाम तोडू नये. त्याचा पाला जाळूही नये. मागच्या भिंतीशी एक खड्डा करून त्यात तो कुजवावा. वर्षभरात बागेला पुरेल एवढे पानखत मिळेल. खड्डा खणून देण्याचे काम आम्ही पालक रविवारी येऊन करू.

तिसरी, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाची. पाचवी ते नववीच्या प्रत्येक वर्गाला आवारातील एकेक झाड नेमून द्यावे आणि 'पानांची नोंदवही' सुरू करावी. पहिले पान लाल कधी झाले, झाड रिकामे कधी झाले, पहिली पालवी कधी फुटली, एवढ्या तीन तारखा दरवर्षी लिहायच्या. त्या दिवशीचे तापमान सोबत लिहावे. खर्च एका जाड वहीचा. ती वही एका वर्गाकडून पुढच्या वर्गाकडे जावी. पहिल्या वर्षी ती काहीच सांगणार नाही, पाचव्या वर्षी थोडे सांगेल, पंचविसाव्या वर्षी इंदूरच्या हवेविषयी तिच्यात असे काही असेल जे दुसऱ्या कोठेही लिहिलेले नसेल.

परदेशी गेलेल्या आजी-आजोबांनाही एक विनंती. पुढच्या वेळी त्या लाल झाडाचा फोटो जरूर आणा. त्याच्याखाली गळलेले एक पान वहीत दाबून आणलेत तर मुले ते हातात घेऊन बेडकाचा पाय ओळखतील. आणि फाल्गुनात मुलांना फोन कराल तेव्हा आपल्या कुसुमाचा, पिंपळाचा फोटो त्यांना पाठवा. तेथे वाढणाऱ्या नातवंडांनाही कळू दे, की आजीच्या गावची पाने जन्मतानाच लाल असतात.

विश्वस्त मंडळ येत्या सभेत या सूचनांचा विचार करील अशी आशा आहे. नोंदवहीसाठी झाडे निवडण्याच्या कामात मदत करू इच्छिणाऱ्या पालकांनी आपली नावे शाळेच्या कार्यालयात द्यावीत.